भोंगा सरांचे तास

आमच्या ह्यांना कुणी माइक पुढे केला की राग यायचा. "मला कशाला? मागच्या बाकापर्यंत जातो माझा आवाज," म्हणायचे. मागच्या बाकापर्यंत कसला, दोन मजले खाली मी लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत बसलेली असायची, तिथपर्यंत यायचा. फिजिक्सचा तास सुरू झाला की भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीची मलाच लाज वाटायची. पोरांनी नाव ठेवलं होतं भोंगा. भोंगा सर. ह्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही, पण तसं कबूल करतील तर शपथ.

तेच भोंगा सर त्या दुपारी सभागृहात शर्टाला माइक अडकवून उभे होते, आणि तरी मागच्या रांगेतले लोक पुढे वाकून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, बॅग भरून मी लायब्ररीत टेबलाखाली ठेवली होती, आणि हे महाशय स्टाफला कंप्युटरच्या युक्त्या शिकवत होते!

"अहो, आज तरी घरी बसा," मी सकाळी म्हटलं होतं.

"दर सत्राला घेतो मी हे. उद्यापासून कोण घेणार? तू?"

मी गप्प बसले. म्हणजे, चार वाक्यं बोलून मग गप्प बसले.

तसं बघायला गेलं तर हा माणूस कंप्युटरचा शत्रू. कॉलेजात पहिली मशिनं आली तेव्हा ह्यांनी आपल्या टेबलावरच्या मशिनवर टॉवेल वाळत घातला होता. मग एकदा कधीतरी पोरांसमोर प्रोजेक्टर लावता लावता सगळ्या वर्गाला ह्यांचं बँकेचं खातं दिसलं. पोरं हसली. ते हसणं ह्यांच्या जिव्हारी लागलं, आणि मग जे हात धुऊन मागे लागले कंप्युटरच्या, की घरात जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप. स्वतः शिकले आणि मग सगळ्या स्टाफला शिकवायचं डोक्यात घेतलं. मोठ्या पडद्याला जोडण्याआधी मशिनवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करा. खुर्चीवरून उठलात की स्क्रीनला कुलूप घाला. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू नका, त्यापेक्षा पोरांच्या हातात द्या, तेवढाच वेळ वाचेल. मार्क पाठवण्याआधी मेल कुणाला चाललाय ते मोठ्याने वाचा. ह्यांच्या या युक्त्यांवर लोक हसायचे, पण ऐकायचे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ह्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. माझी तर घरीही सुटका नव्हती.

घसा बसला तेव्हा सर्दी म्हणाले. मग खडूची धूळ म्हणाले. मी डॉक्टरकडे चला म्हणून जीव काढला, तर सत्र संपू दे म्हणाले. शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांनी तोंड फिरवूनच सांगितलं, की आता काढल्याशिवाय इलाज नाही, आणि लवकर काढा. हे घरी आले ते थेट म्हणाले, "मला करायचं नाही. मुका मास्तर काय कामाचा?"

बाई गं, काय दिवस काढले मी ते! रडले, भांडले, लेकीला फोनवर रडायला लावलं. काही उपयोग नाही. मग एके सकाळी स्वतःच म्हणाले, "सगळे तास रेकॉर्ड करतो. सगळा अभ्यासक्रम. आवाज आहे तोवर. मग मी वर्गात उभा राहीन, फळ्यावर लिहीन, आणि आवाज माझाच लागेल. तेवढं झालं की तुझ्या डॉक्टरला म्हण, काप."

आणि केलं हो. विभागातल्या त्यांच्या टेबलावरच्या मशिनसमोर बसून, गरम पाणी पीत, खोकत, पुन्हा पहिल्यापासून घेत, दार लावून रोज बोलत राहिले. सुरुवातीच्या तासांत आवाज खणखणीत होता, नंतर नंतर घोगरा होत गेला, पण बोलणं तेच. मला वाटायचं, एकेक तास भरतोय तसा ह्यांचा जीव डॉक्टरच्या हातात द्यायच्या जवळ येतोय. शेवटचा तास झाला त्या दिवशी मी देवाला नाही, त्या मशिनला हात जोडले. डॉक्टरांनी तारीख दिली. हे हो म्हणाले.

आता सभागृहाकडे येते. बाहेर अंगणात ड्रिल मशिनचा आवाज चालला होता, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला, फक्त दसपट मोठा. कॉलेजला नवे कंप्युटर आले होते. जुने भंगारात द्यायचे, पण आतली माहिती बाहेर जायला नको, म्हणून प्राचार्यांनी कंत्राटदाराला सांगितलं होतं की प्रत्येक मशिनमधली हार्डडिस्क काढायची आणि तिला आरपार भोक पाडायचं. सगळ्यांनी आपापल्या कॉपी घ्या, असं महिनाभर आधीच बजावलं होतं. सगळ्यांनी घेतल्या होत्या. कशी घ्यायची तेही ह्यांनीच दाखवलं होतं.

"शेवटची युक्ती," हे माइकमधून म्हणाले. आवाज असा, की माझा मलाच घसा खाकरावासा वाटला. "जे महत्त्वाचं आहे त्याच्या दोन कॉपी, दोन ठिकाणी. माझे सगळे तास या पेनड्राइव्हवर आहेत, आणि दुसरा पेनड्राइव्ह घरी कपाटात आहे. इतका फास्ट पेनड्राइव्ह आहे, एवढे सगळे तास, पण कॉपी व्हायला चुटकीसरशी..."

पेनड्राइव्ह त्यांनी मंचावरच्या नव्या कंप्युटरला लावला. पडद्यावर 'माझे तास' नावाचा फोल्डर दिसला. त्यावर क्लिक केलं.

फोल्डर उघडला नाही. पडद्यावर एक चौकट आली, की ही वस्तू जिथे होती ती जागा सापडत नाही.

हे हसले. पुन्हा केलं. पुन्हा तीच चौकट. मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि त्या फोल्डरच्या चित्रावर बोट ठेवलं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. ह्यांचं बोट तिथेच राहिलं.

"हा शॉर्टकट आहे," ते म्हणाले.

मला काही कळेना. माझ्या शेजारी बॉटनीच्या मॅडम बसल्या होत्या, त्यांना विचारलं, तर त्यांनाही कळेना. ह्यांनीच सांगितलं, एकेक शब्द ओढत. जुन्या मशिनवर समोर दिसायचा तो फोल्डर खरा नव्हता, नुसता रस्ता दाखवणारा खुणेचा बाण होता. खरे तास आत हार्डडिस्कवर होते. ह्यांनी तो बाण उचलून पेनड्राइव्हवर टाकला. म्हणून चुटकीसरशी झालं. उघडूनही पाहिला, तर उघडला, कारण पाहिला त्याच मशिनवर, आणि त्या मशिनच्या पोटात तास होतेच. दुसऱ्या पेनड्राइव्हवरही बाणच. दोन कॉपी, दोन ठिकाणी, आणि दोन्ही पोकळ.

बाहेर ड्रिल घर्र घर्र करत होतं.

मी ताडकन उठले. "अहो, चला! चला ना लवकर! ते भोक पाडतायत!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या सभागृहाकडे बघितलं. आणि जागचे हलले नाहीत.

"सगळ्यांनी पेनड्राइव्ह काढा," ते म्हणाले. "कोपऱ्यात बाण आहे का बघा. मीच तुम्हाला असं शिकवलंय."

"आग लागो त्या शिकवण्याला!" मी ओरडले. होय, भर सभागृहात. "आधी स्वतःचं बघा!"

पण लोक लॅपटॉप उघडायला लागले होते, आणि एकेकाचे चेहरे पांढरे पडत होते. बॉटनीच्या मॅडमनी 'अगं आई गं' म्हणून कपाळावर हात मारला. त्यांची सगळी संशोधनाची छायाचित्रं. कुणाचा प्रबंध, कुणाच्या प्रश्नपत्रिका. प्राचार्य कंत्राटदाराला फोन लावत होते, आणि त्या घरघरीत तो कशाला ऐकतोय! हे मात्र पुढच्या रांगेत वाकून एकेकाला दाखवत होते, हा बघा, हा बाण. मी त्या माणसाच्या नादी न लागता साडीचा पदर खोचला आणि धावले.

धावता धावता काय काय मनात आलं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की मला तासांचं काही पडलेलं नव्हतं. मला दिसत होता तो ह्यांचा चेहरा, 'मला करायचं नाही' म्हणणारा. तास गेले की हा माणूस ऑपरेशन टेबलावर चढायचा नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी, ते मी आयुष्यभर बघितलंय. आणि डॉक्टर म्हणाले होते, आता पुढे ढकललंत तर माझ्याकडे येऊ नका.

अंगणात एक माणूस कानाला झाकणं लावून ड्रिलवर वाकला होता. एका बाजूला भोक पाडलेल्या डिस्कांचं खोकं, दुसऱ्या बाजूला बाकीच्यांचं. मी "थांबा, थांबा" ओरडत होते, त्याला ऐकू कुठलं येतंय! शेवटी वायर कुठे गेलीय ते बघितलं आणि भिंतीतून सरळ उपटली.

ड्रिल थांबलं. तो माणूस कानावरची झाकणं काढून माझ्याकडे बघत राहिला. "काय हो बाई? डोकं फिरलंय का?"

"फिरलंय! फिजिक्सच्या कुठे आहेत?"

"कसल्या?"

"फिजिक्सच्या! फिजिक्स विभागाच्या हार्डडिस्का!"

त्याने दोन्ही खोक्यांकडे बघितलं. "ते आम्हाला काय माहीत? विभागांच्या चिठ्ठ्या कंप्युटरच्या डब्यांवर होत्या. डिस्क बाहेर काढली की सगळ्या सारख्याच."

तोवर सगळा स्टाफ अंगणात लोटला होता. सगळ्यांच्या मागे हे, एका हाताने गळा धरून, दम खात. शर्टाला तो माइक तसाच लटकलेला. खोक्यात हात घालून त्यांनी भोक पडलेली एक डिस्क उचलली. आतून आरपार उजेड दिसत होता. ती त्यांनी हळूच परत ठेवली, आणि बिनभोकाच्या डिस्कांचं खोकं उचलून आत न्यायला सांगितलं.

मग लायब्ररीतल्या लांब टेबलावर ते सुरू झालं. एकेक डिस्क वायरने लॅपटॉपला जोडायची, उघडायची, बघायची कुणाची आहे. काही लगेच उघडायच्या, काही कुरकुरत बसायच्या. भोवती सगळे गोळा झालेले. कुणाची निघाली की 'माझी! माझी!' असा गलका. प्राचार्यांची निघाली तर त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरले. बॉटनीच्या मॅडमची निघाली तेव्हा त्या हुंदके देऊन रडल्या. पडद्यावर नुसती पानं आणि मुळं, आणि ही बाई त्याला डोळे लावून रडतेय.

प्रत्येक वेळी नवी डिस्क जोडली की मी ह्यांच्याकडे बघायची. प्रत्येक वेळी हे मान हलवायचे, नाही.

आणि हा माणूस, सांगते ना, एवढं करून थांबावं की नाही? नाही! ज्याची डिस्क निघेल त्याला तिथेच कॉपी करून द्यायचे, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवायचे. "ही घ्या. आता दुसऱ्या मशिनवर बघितली. आता खरी." घशातून नुसती हवा येत होती. मी दात ओठ खात होते. मध्ये एकदा कानाशी जाऊन म्हटलंच, "तुमची निघेपर्यंत बाकीच्यांना बाजूला बसवा ना. तुमच्या जिवाशी खेळ चाललाय."

"ह्या सगळ्यांच्या जिवाचं मी वाटोळं केलंय," ते म्हणाले. "गप्प बस जरा."

दवाखान्यात जायची वेळ झाली तेव्हा खोक्यात अजून डिस्का होत्या. हे उठायला तयार नव्हते. बॉटनीच्या मॅडमनीच त्यांना दंडाला धरून उठवलं. "सर, तुम्ही निघा. आम्ही एकही सोडणार नाही. सापडली की लगेच फोन." मी बॅग उचलली.

दवाखान्यात खाटेवर बसवलं, अंगात हिरवा झगा घातला. नर्स संमतीचा कागद ठेवून गेली, सही करून ठेवा म्हणाली, डॉक्टर फेरीला येतील तेव्हा लागेल. कागद पांघरुणावर पडलेला, पेन त्यावर आडवं. हे पेनाकडे बघतसुद्धा नव्हते. खिडकीकडे तोंड करून बसलेले.

फोन वाजला. बॉटनीच्या मॅडम.

"शेवटचीही बघितली हो," त्या म्हणाल्या. "फिजिक्सवाल्या सगळ्या आधीच... तो माणूस म्हणाला वरच्या मजल्यापासून सुरुवात केली होती. बाकी सगळ्या विभागांचं वाचलं, आणि सरांचंच..."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला. ह्यांनी तोंड वळवलं होतं. विचारलं काही नाही, नुसत्या भुवया वर केल्या. मी खाटेचा दांडा धरला. आयुष्यात या माणसाशी मी हज्जारदा भांडले असेन, पण खोटं कधी बोलले नव्हते. गरजच पडली नाही. तोंडावर सगळं सांगून मोकळी व्हायची माझी सवय.

"सापडली," मी म्हटलं.

ह्यांच्या भुवया तशाच वर.

"सगळे तास आहेत," मी म्हटलं.

मला वाटलं, आता विचारतील, दुसऱ्या मशिनवर उघडली का, आणि मग माझं धाबं दणाणेल. पण त्यांनी विचारलं नाही. पेन उचललं आणि सही केली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. फसवलं गं बाई मी, असं वाटत होतं, आणि बरं केलं, असंही वाटत होतं. ऑपरेशन झाल्यावर सांगू. तेव्हा ओरडतील, असं वाटलं, आणि मग आठवलं की तेव्हा ओरडणार कशाने.

सकाळी न्यायला आले. चाकांच्या खाटेवर झोपवलं, मी शेजारून चालत होते. ऑपरेशनच्या दाराशी हे म्हणाले, "थांबा जरा." वॉर्डबॉय थांबला. ह्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं.

"नाही ना सापडली?"

काल खोटं बोलले ते बोलले, पुन्हा काही जमेना. "नाही," मी म्हटलं, आणि खाटेची कड घट्ट धरली, हा माणूस आता उठून चालायला लागेल म्हणून. "अहो, पण उठू नका. तुम्हाला माझी शप्पथ आहे."

"मला कालच कळलं."

"मग सही का केलीत?"

ह्यांनी थुंकी गिळली. दुखत असणार. "सापडली असती, तर तू दोन शब्दांत सांगितलं असतंस? कुठल्या खोक्यात होती, कुणाच्या हाताला लागली, त्यावर धूळ किती होती, कोण काय म्हणालं... तास घेतला असतास तू." जरा थांबले. "तुला खोटं बोलायची पाळी आणली मी. म्हटलं, जन्मात कधी खोटं न बोललेली ही आज बोलतेय, म्हणजे मुकासुद्धा चालतोय हिला."

"चालतोय," मी म्हटलं. "मेल्या, चालतोय!" आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मेल्या म्हटलं, आणि वॉर्डबॉयसमोर.

ते हसले. आवाज नाही, नुसतं तोंड. मग म्हणाले, "आता काल काय झालं ते नीट सांग. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

वॉर्डबॉयने खाट आत ढकलली आणि दार मिटलं. मी पदराने डोळे पुसले, दाराला अगदी लागून उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, तो फोन आला ना, तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात..."